अभ्यासाला शेजार लागतो

भावाच्या मुलीचा नवोदयला नंबर लागला. निकाल आला त्या दिवशी पेढे वगैरे झाले, आणि चार दिवसांनी रात्री साडेनऊला वहिनीचा फोन, आवाज एकदम बारीक, "ताई, तिच्याबरोबर काय काय द्यायचं ते सांगा ना, तुम्हाला माहितीये सगळं." मी सांगत गेले, ट्रंक, बादली-मग, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, सुईदोरा, दोन टॉवेल, प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूनं नाव, आणि एक चांगलं कुलूप. वहिनी लिहून घेत होती, मधेच थांबली, नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन पोरीकडं गेला. अकरा वर्षांची आहे. सामानाचं तिनं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "आत्या, तिथं अभ्यास करायला लावतात का गं?"

मी पटकन "हो मग" म्हणून गेले, फोन ठेवला आणि मग झोपच येईना, कारण ते उत्तर बरोबर नव्हतं. २००४ ते २०११ अशी सात वर्षं मी नवोदयच्या हॉस्टेलमध्ये काढलीत, अभ्यासाची जी काही सवय लागली ती तिथंच लागली, पण ती कुणी "लावली" असं आठवत नाही. मग ती आली कुठून? हे सगळं लिहितेय ते त्या पोरीला नीट उत्तर देता यावं म्हणून.

ज्यांना नवोदय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही कल्पना आली, की खेड्यातल्या हुशार पोरांना पैशावाचून अडू न देता चांगलं शिक्षण मिळावं, प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. तमिळनाडू सोडून आता देशभर आहेत. सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, एका वर्षाला जास्तीत जास्त ८० मुलं, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. पाचवीत परीक्षा द्यायची, आताच्या पॅटर्नप्रमाणे दोन तासांत ८० प्रश्न, बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा. राहणं, जेवण, पुस्तकं, युनिफॉर्म सगळं फुकट. नववीपासून महिन्याला विकास निधी भरावा लागतो, आता तो ६०० रुपये आहे, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ. ही माफी नसती तर आमच्या आबांनी मला बारावीपर्यंत ठेवलं असतं का, मला खरंच सांगता येत नाही.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा गावात, पाचवीला शेजारच्या गावी चालत. घरात अभ्यासाची जागा अशी नव्हतीच, म्हणजे जागा होती पण अभ्यास नावाचा वेगळा वेळ नव्हता, शेळ्या आल्या की उठायचं, पाणी आलं की उठायचं, कुणी आलं की पुस्तक मिटून चहा टाकायचा. यात कुणाची चूक नाही, घर असंच चालतं.

बोर्डिंग हा शब्द मात्र घरात जुना होता, आजोबांमुळं. आजोबा १९५० नंतर साताऱ्याकडं रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले. ती काढणाऱ्या कर्मवीर अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि त्यांचा विषय निघाला की आजोबा मांडी बदलून ताठ बसायचे. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की मला ती आमच्या घरातलीच वाटते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली, भाऊराव स्वतः तिथल्या जैन बोर्डिंगात राहून शिकले, आणि मग १९२४ ला साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. हे सगळं मी नंतर वाचलं. आजोबांनी सांगितलेलं ते असलं नव्हतं. ते सांगायचे कंदिलाचं. एक कंदील, आणि त्याच्याभोवती गोल करून दहा-बारा पोरं. ज्याचं पुस्तक उजेडात नीट यायचं नाही तो शेजारच्याच्या पुस्तकात वाचायचा. एक जण डुलकी खायला लागला की त्याचं डोकं पुढं यायचं, त्याची सावली सगळ्यांच्या पुस्तकांवर पडायची, म्हणून सगळे मिळून त्याला उठवायचे. "मला काय अभ्यासाची लई आवड नव्हती," आजोबा म्हणायचे, "पण आपल्यामुळं बाकीच्यांचा उजेड अडतो, ही लाज होती."

आजोबांचं हे वाक्य मला फार उशिरा कळलं.

मी गेले तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. आबा आणि आई दोघं सोडायला आले होते, तीन एसट्या बदलून. नाव नोंदवलं, हाऊस मिळालं, अरावली. सगळ्या नवोदयांत हाऊसची नावं हीच असतात, अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी, त्यामुळं देशात कुठंही नवोदयवाला भेटला की आधी हाऊस विचारतो आणि मग गाव. आईनं कॉटखाली ट्रंक सरकवली, कुलूप लावलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली आणि दुसरी किल्ली स्वतःच्या पदराला बांधली, का तर माझी हरवली तर घरी एक असलेली बरी. मग ते दोघं गेले. गेटपर्यंत जायची परवानगी होती पण मी गेले नाही, खिडकीतून बघत राहिले, आई तीनदा मागं वळली.

आणि तिसऱ्याच दिवशी ती किल्ली आंघोळीच्या वेळी मोरीत गेली.

दोरा सुटला होता, मला कळलंसुद्धा नाही. ट्रंकेत सगळं, वह्या, पेन, बदलायचे कपडे, आजीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू. आणि दुसरी किल्ली तीन एसट्या पलीकडं आईच्या पदराला. मेट्रनला सांगायची हिंमत होईना, मी नुसती कॉटवर बसून राहिले. शेजारच्या कॉटवर एक सावळी, जाड वेण्यांची मुलगी होती, कोकणाकडं आजोळ असलेली, पहिल्या रात्री तोंडावर चादर घेऊन रडलेली. तिनं काही विचारलं नाही. स्वतःची ट्रंक उघडली, एक कोरी वही, एक पेन आणि एक फ्रॉक काढून माझ्या उशीवर ठेवला. शेवटी वॉचमन काकांनी कुलूप तोडून दिलं तोपर्यंत चार दिवस मी तिच्याच वहीत लिहिलं. ती वही अजून आहे माझ्याकडं. पहिल्या पानावर तिचं नाव, आतलं अक्षर माझं.

दिवस कसा असायचा ते सांगते, कारण तिकडं न राहिलेल्यांना तो फार कडक वाटतो. पहाटे पाचला शिट्टी, साडेपाचला ग्राउंडवर पीटी, मग आंघोळीची रांग, बादल्या रांगेत उभ्या करायच्या आणि आपण ब्रश करायचा, म्हणजे आपल्याऐवजी बादली उभी, आणि कुणाची बादली मागं सरकवायची नाही हा नियम कुणी न लिहिता सगळ्या पाळायच्या. नाश्ता, असेंब्ली, तास, दुपारचं जेवण, थोडा आराम, मग रिमेडियल किंवा दुपारचा स्टडी, पाचच्या सुमाराला खेळ, सहाला रोलकॉल. संध्याकाळी साधारण साडेसहा ते आठ अभ्यास, जेवण, आणि परत झोपेपर्यंत अभ्यास. महिन्याला साबण, टूथपेस्ट, खोबरेल, पॉलिश मिळायचं, त्या दिवशी आख्ख्या हॉस्टेलला नव्या साबणाचा वास. मोठ्या मुलींना दीदी म्हणायचं, मुलांना भैया. मला गावाकडची "ताई"ची सवय, पहिले दोन महिने माझ्या तोंडून "दीदीताई" निघायचं.

यातला संध्याकाळचा दीड तास, त्याला आम्ही "स्टडी" एवढंच म्हणायचो, तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. सगळ्या वर्गात बसायच्या. ड्युटीवरचे सर किंवा मॅडम व्हरांड्यातून फिरायचे, आत फार यायचे नाहीत. बोलायचं नाही हा नियम, पण त्यापेक्षाही वेगळं काहीतरी होतं तिथं. पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक उघडून बसले आणि दहा मिनिटांत मान वर केली, घरी वर करायचे तशी, शेळ्या आल्या असतील म्हणून. कुणीच वर बघत नव्हतं. पंखा, पानं उलटल्याचा आवाज, कुणाची तरी पेन्सिल, खिडकीबाहेर बेडूक. चाळीस माना खाली. मी परत मान खाली घातली. मला त्या वेळी धडा कळत होता म्हणून नव्हे, तर त्या शांततेत आपलीच मान वर दिसत होती म्हणून. थोड्या वेळानं परत वर केली, परत खाली. असं करत करत कधीतरी, कदाचित दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास, मान वर करायची राहून गेली.

एवढंच. कुणी लावलं नाही, शेजारी चालू होतं म्हणून माझंही चालू झालं.

अभ्यास कसा करावा याच्या टिप्स लोक विचारतात. किती तास, सकाळी की रात्री, पाठांतर की लिहून. मला आता ठामपणे वाटतं की पोराच्या शेजारी कोण बसलंय हा त्याआधीचा प्रश्न आहे. माझ्या उजवीकडची गणितात अशी होती की उदाहरण अडलं की पेन दातात धरून खिडकीकडं बघायची आणि मग एकदम लिहीत सुटायची. मी तिच्याकडून पद्धत नाही शिकले, मी थांबणं शिकले. अडलं की लगेच पान उलटून उत्तर बघायचं नाही, थोडं खिडकीकडं बघायचं. हे कुठल्या सरांनी शिकवलं असतं?

आणि शेजार नुसता बसलेल्यांचाच असतो असंही नाही. आमची पुस्तकं शाळेची, वर्षाच्या शेवटी परत करायची, पुढच्या वर्षी ती पुढच्या बॅचला. मला सहावीत गणिताचं जे पुस्तक मिळालं त्याच्या पहिल्या पानावर चार नावं होती, वेगवेगळ्या शाईतली, प्रत्येकासमोर वर्ष. मोठ्या गुणाकाराच्या पानावर समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं, "इथं हातचा विसरतो". विसरतो, म्हणजे मुलगा असणार. मी ते वाचलं, उदाहरण सोडवलं, आणि हातचा विसरले. परत वाचलं. कोण होता, आता कुठं असेल, काही माहीत नाही, पण त्या पानावर तो माझ्या शेजारी बसून होता आणि मला सांगत होता की तुझ्या आधी पण कुणीतरी इथंच अडखळलंय, तू काही वेगळी ढ नाहीस. मार्चमध्ये पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी मी दशांशाच्या धड्यात एका ठिकाणी लिहिलं, "टिंब मोजून द्या". पुस्तकात लिहू नये हे मला माहीत होतं. पण पेन्सिलीनं लिहिलं, आणि ते खोडलं नाही.

नववी हे आमच्याकडं मोठं वळण. तोपर्यंत सर-मॅडम बरंचसं मराठीतून समजावायचे, नववीपासून मात्र गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून. बहुपदीचं पॉलिनॉमियल झालं, प्रकाश-संश्लेषणाचं फोटोसिंथेसिस झालं, आणि इतिहासाचा पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांती, "फ्रांसीसी क्रांति". गोष्ट कळायची पण लिहिता यायची नाही. पहिल्या युनिट टेस्टला मला पंचवीसपैकी नऊ. आठवीपर्यंत वर्गात दुसरी-तिसरी येणारी मी, पेपर घडी करून मोज्यात घातला कारण दप्तरात ठेवला तर कुणी बघेल.

आणि त्याच वर्षी मायग्रेशन. नवोदयची ही व्यवस्था बाहेर फार लोकांना माहीत नसते. नववीतली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयला जातात, हिंदी पट्ट्यातली आपल्याकडं आणि आपली तिकडं. माझ्या शेजारच्या कॉटवरची, वहीवाली, तिकडं गेली. गेली त्या रात्री त्या रिकाम्या कॉटकडं बघवेना. आणि आठवड्याभरात त्याच कॉटवर उत्तर प्रदेशातली एक मुलगी आली, उंच, हाडं दिसतील इतकी बारीक, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, भाकरीकडं बघून तिला कळेना ती कशी मोडायची.

तिला मराठी शिकायचं होतं, मला हिंदीत इतिहास लिहायचा होता. आम्ही ठरवून काही केलं नाही. एका रविवारी कपडे धुताना ती म्हणाली, तू मुझे ये वाला अक्षर सिखा दे, आणि दगडावर ओल्या बोटानं तिनं ळ काढला. तिच्या तोंडी कमळचं कमल व्हायचं, बाळचं बाल. मी म्हणाले जीभ उलटी कर, आणखी मागं, टाळूला लाव. चार दिवस ती ब्रश करताना, रांगेत, पीटीत पळताना पुटपुटत होती, केळं, फळं, डोळा, आभाळ. पाचव्या दिवशी मेसमध्ये ताट घेऊन उभी असताना तिच्या तोंडून एकदम स्वच्छ "पोळी" निघालं आणि आख्ख्या टेबलानं टाळ्या वाजवल्या, ती लाजून लाल.

त्या बदल्यात ती मला रोज रात्री इतिहासाचं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायची. नुसतं वाचायची. मग मी पुस्तक मिटून तिला तेच मराठीत सांगायचं, आणि मग परत हिंदीत, माझ्या तोडक्यामोडक्या. १४ जुलै १७८९, पॅरिसमधली घाबरलेली माणसं, बास्तीलचा किल्ला, पावाचे वाढलेले भाव. पावाच्या भावाशी ती थांबली आणि म्हणाली, हमारे यहाँ भी जब आटा महँगा होता है तो अम्मा ऐसे ही चुप हो जाती है. मी म्हणाले आमच्याकडं ज्वारी. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं पॅरिस त्या क्षणी आमच्या दोन कॉटच्या मधे येऊन बसलं. तो धडा मी आजही न बघता सांगू शकते. एकच गोष्ट तीनदा, दोन भाषांतून, समोरच्याला कळेपर्यंत सांगायची, यापेक्षा चांगली अभ्यासाची पद्धत मला पुढं कुठंही मिळाली नाही, ना कॉलेजात ना नोकरीतल्या ट्रेनिंगमध्ये. वार्षिक परीक्षेत इतिहासात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क, आणि तिला मराठीत. माझी जुनी शेजारीण वर्षानं परत आली ती हिंदीत भांडायला शिकून.

अजून एक संध्याकाळ सांगायचीच आहे. तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंग भयंकर होतं, खेड्यांत तर दिवसातले कितीतरी तास वीज नसायची, ज्यांनी ती वर्षं पाहिलीत त्यांना सांगायला नको. आम्ही दहावीत. स्टडी चालू असताना लाईट गेली. एरवी थोड्या वेळात जनरेटर लागायचा, त्या दिवशी लागेना. बाहेर विजा, आत मिट्ट काळोख. छोट्या मुली दुसऱ्या वर्गात ओरडायला लागल्या. आमच्या वर्गात कुणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, मागून शांतपणे म्हणालं, "हायड्रोजन."

दोन सेकंद कुणीच नाही. मग खिडकीपासून, "हीलियम."

"लिथियम." "बेरिलियम." "बोरॉन." आवाज बाकांवरून पुढं सरकत गेला, प्रत्येकीनं एक, आपला नंबर कुठला येणार ते अंधारातच मोजायचं. कुणी अडली की थांबायचं, शेजारची हळूच पहिलं अक्षर सांगायची, "फॉ...", "हां, फॉस्फरस." कॅल्शियमला पोचलो तशी परत हायड्रोजनपासून, या वेळी अणुअंकासकट. मग व्हॅलेन्सी. मग कुणीतरी संस्कृतचे श्लोक काढले. चेहरे दिसत नव्हते, त्यामुळं हुशार कोण, मागं बसणारी कोण, काहीच कळत नव्हतं, नुसते आवाज. एरवी वर्गात कधीच हात वर न करणारी एक मुलगी होती, तिच्या वाट्याला अरगॉन आलं आणि तिनं ते इतक्या ठणठणीत सांगितलं की मी दचकलेच. ड्युटीवरचे सर टॉर्च घेऊन दारापर्यंत आले, ऐकलं, आणि टॉर्च बंद करून तिथंच चौकटीला टेकून उभे राहिले. लाईट आली तेव्हा आम्ही सगळ्या डोळे चोळत एकमेकींकडं बघत होतो.

त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी हे आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कंदील नव्हता, तरी गोल होता."

बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंगला आले. पहिली दोन वर्षं खोलीत आम्ही तिघी, तिघींचे कॉलेज वेगळे, वेळा वेगळ्या. मग तिसऱ्या वर्षी मला एकटीला खोली मिळाली, टेबल, खुर्ची, दिवा, दार लावलं की शांतता. सगळे म्हणाले मजा आहे तुझी. आणि मला अभ्यास होईना. सगळं हाताशी असून तासन्‌तास नुसती बसायची, मान सारखी वर, बघायला समोर भिंत. मला वाटलं सवय मोडली, आता संपलं. तेव्हा मैत्रिणीनं सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत नेलं. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगते, पुण्यात पेठांमध्ये अशा कितीतरी आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून तिथं एक टेबल-खुर्ची घेतात. खोली असते त्यांच्याकडं, तरी येतात. आत गेले, चपला बाहेर, पंखा, पानं उलटल्याचा आवाज, चाळीस माना खाली. मला तिथं दारातच भरून आलं. ही सगळी मुलं, लातूरची, जालन्याची, नंदुरबारची, पैसे मोजून विकत काय घेत होती तर शेजार.

आता वहिनी जे विचारायला घाबरली तेही लिहिते. पाठवावं का. मी प्रत्येकाला हो म्हणणार नाही. अकराव्या वर्षी पोर घरातून जातं ते परत पूर्ण येत नाही, हे खरं आहे आणि ते लपवू नये. माझी आजी गेली तेव्हा मी आठवीत होते, पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. भाऊ सायकल कधी शिकला मला माहीत नाही. सुट्टीत घरी गेले की आई मला चांगल्या कपात चहा द्यायची, पाहुण्यांच्या, आणि मला तो कप टोचायचा, पण मी कधी बोलले नाही आणि तीही नाही. दुसरं म्हणजे आता तिसरीपासून पोरांना नवोदयच्या क्लासला घालतात, तालुक्या-तालुक्याला क्लास आहेत, सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रविवारी सराव पेपर, आठ वर्षांचं लेकरू. आणि नंबर नाही लागला की घरात सुतक. माझ्या वर्गातून त्या वर्षी अकरा जण परीक्षेला बसलो होतो, माझा एकटीचा लागला, बाकीचे दहा माझ्यापेक्षा कमी नव्हते. त्यातला एक आज आमच्या गावात डाळिंबाची बाग अशी करतो की लांबून लोक बघायला येतात. जागा ८० च असतात, तेवढ्यावरून लेकराची किंमत करू नका हो.

पण ज्या पोराला जायचंय, जे स्वतःहून विचारतंय, त्याला पाठवा. आणि पाठवल्यावर पहिल्या महिन्यात रडून फोन आला तर लगेच गाडी काढून आणायला जाऊ नका. आमच्या वेळी एक कॉइन बॉक्स होता, रांगेत उभं राहून नंबर आला की रुपयात जेवढं होईल तेवढं बोलायचं, आणि तेवढ्यात मी आईला रोज "बरी आहे" एवढंच सांगायचे. आई पलीकडून "बरं" म्हणायची. दोघींनाही खोटं माहीत होतं. दिवाळीपर्यंत ते खरं झालं होतं.

काल रात्री परत फोन केला. पोरीलाच बोलवायला सांगितलं. म्हटलं, तू परवा विचारलंस ना करायला लावतात का, तर नाही गं, तसं नसतं. मग मला नीट सांगताच येईना, एवढं सगळं लिहिलंय पण फोनवर तिला काय सांगणार. मी तिला बादल्यांची रांग सांगितली, अंधारातलं हायड्रोजन-हीलियम सांगितलं, ती "मग?" "मग?" करत राहिली. शेवटी वहिनीनं फोन घेतला, यादी पूर्ण करायची होती तिला. कुलूप आणलंय म्हणाली, चांगलं आहे, दोन किल्ल्या आहेत, एक तिच्या गळ्यात घालते आणि एक मी जपून ठेवते.

म्हटलं, वहिनी, दुसरी घरी ठेवू नकोस, ती पण तिच्याबरोबर दे. शेजारच्या कॉटवर जी कुणी येईल ना, तिच्याकडं ठेवायला सांग.

"अनोळखी पोरीकडं?"

हो म्हटलं. आणि तिची हिच्याकडं.